साच्याचा सल्ला

श्रीमंतला खरं तर शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडं जायचं होतं. पण लातूरच्या एमआयडीसीत सगळी शटरं सारखीच. मोडका दांडा हातात घेऊन तो चुकून दीपमालाच्या दारात शिरला.

दांडा त्याच्या बहिणीच्या, सिंधुच्या, हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलचा होता. कुठला भाग कोणत्या पद्धतीनं केला तर परवडेल, हे काढून देणं दीपमालाचं काम. तिनं समजावलं, की धातूतून कापला तर महाग पडेल, आणि एका नगासाठी ओतकामाची भट्टी कुणी पेटवत नाही. एकच हवा तर तिच्याकडचा थ्री-डी प्रिंटर बरा. मग तिनं सिंधुच्या मुठीचं माप विचारलं.

त्यानं स्वतःचा तळहात पुढं केला. "ह्याच्याहून लहान हाय... लई लहान."

दीपमालानं तो हात धरून पट्टी लावली. पट्टी बाजूला ठेवली तरी हात सुटायला जरा उशीरच झाला.

सिंधुचा दांडा बघून श्रीमंतच्या गावाकडची, मुखेड-कंधारची माणसं त्याला विचारू लागली. त्यांची कामं घेऊन तो पुन्हा पुन्हा लातूरला येऊ लागला. काम लवकर आटपायचं, चहा मात्र लांबायचा. तो आला नाही, की दुपार तिला रिकामी वाटायची.

एके दिवशी तो हसतच आला. नांदेडच्या एका संस्थेला शेकडो दांडे हवे होते. सगळे इथंच करा, म्हणाला.

दीपमालानं हिशेब मांडला आणि तिचा चेहरा उतरला. इतक्या नगांना प्रिंटर परवडणार नव्हता. साचा एकदाच महाग पडतो, पण पुढं एकेक दांडा स्वस्तात निघतो. अन् असे साचे नांदेडलाच बनत. गप्प राहणं सोपं होतं. तिनं खरं ते सांगितलं.

"मंग लातूरला यायचं कामच उरत न्हाई," तो हळूच म्हणाला.

"न्हाई..." ती स्क्रीनकडं बघत म्हणाली.

तो गेला. पुढचे कितीतरी दिवस शटरपाशी पावलं वाजली, की तिची मान आपोआप वळायची.

आणि एका सकाळी तो खरंच दारात उभा राहिला. दांडे छान झाले, वाटूनही झाले, असं त्यानं सांगितलं. त्याचे हात मात्र रिकामेच होते.

"आज काय करून द्यायचंय?" तिनं विचारलं.

"काहीच न्हाई. काम नसताना तुमच्याकडं यायचं, तर... आधी तुमच्या घरी विचारावं लागंल का?"

दीपमालाचे कान तापले. तिनं मशीन बंद केलं.

"आधी मला विचारा," ती म्हणाली. "मी व्हय म्हणते."