नानासोंचा कडू चहा

"माझ्या सासऱ्याला विष घालतंय कोण, एवढं शोधून द्या. मी घालत असेन तर तसंही सांगा."

दारात उभ्या असलेल्या मुलीनं बसायच्या आधीच हे सांगून टाकलं. जयराजच्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थांबला. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या या दोन खोल्यांच्या खाजगी तपासाच्या कचेरीत आजवर नाना तऱ्हेची माणसं येऊन गेली होती. पण जिच्यावर संशय आहे तीच तपास करायला सांगते, हे तो पहिल्यांदाच बघत होता.

त्याची वरिष्ठ दीपाली चौगुले हिनं खुर्ची पुढं सरकवली. "आधी पाणी घ्या. मग नाव, गाव, सगळं सांगा."

मुलीचं नाव सोनिया. माहेर शिराळ्याचं, सासर वडूजजवळच्या माळावरच्या वस्तीत. सासरे नानासो एकेकाळी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. आता थोडी मेंढरं आणि डाळिंबाची बाग. घरात ती, नवरा रविराज आणि सासरे. शेजारी सासऱ्यांचे धाकटे भाऊ बिरदेव.

"दोन महिने झालं, मामा म्हणत्यात चहा कडू लागतो. आमी त्याच भांड्यातला पितो, आमाला न्हाई लागत. मग ते चक्कर येऊन पडायला लागले. काल हिरीजवळ पडले. अजून दोन पावलं पुढं असते तर आतच गेले असते." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "धाकट्या मामांनी सगळी वस्ती गोळा केली आणि सांगितलं, सुनेनंच विष घातलंय. आज संध्याकाळी पोलिसात जाणार हायत."

"तुमच्यावरच का?"

"मला मिरजेला नर्सिंगला जायचंय. मामा न्हाई म्हणाले. आमचं लय भांडण झालं, सगळ्यांनी ऐकलं."

"दोन महिन्यांत घरात आणखी काय बदललं?"

"काय न्हाई. सासूबाई तेवढ्या मिरजेला गेल्या, नणंदेच्या बाळंतपणाला."

दीपालीनं गाडीची किल्ली जयराजकडं टाकली. "निघायचं. वाटेत कंदी पेढे घ्या. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये."

जिना उतरताना जयराज हळूच म्हणाला, "मॅडम, हिनंच केलं असेल तर? हुशार गुन्हेगार स्वतःच पुढं येतो."

"असेल," दीपाली म्हणाली. "तर मग लवकर पोचायला हवं."

*

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. नानासो ओसरीत बाजेवर बसले होते. उंच, हाडापेराचा म्हातारा, पण चेहरा उतरलेला. सोनियाला बघून त्यांनी मान फिरवली.

दीपालीनं नमस्कार करून त्यांचा हात हातात घेतला आणि बोलता बोलता बराच वेळ मनगट सोडलं नाही.

"लोक काय म्हणत्यात ते सोडा," नानासो म्हणाले. "माझी जीभ मला कळती. चहा कडू लागतोय."

"रोज? प्रत्येक वेळी?"

"सकाळी आन् संध्याकाळी. नागपंचमीला ही माहेरी गेल्ती, तवा रविराजनं केलेला चहा पण कडूच. जाताना साखरेत कायतरी कालवून गेली आसंल."

सोनियाचे डोळे भरले. ती आत निघून गेली.

"आज औषध घालायचं राह्यलंय," म्हणत नानासो उठले. आत जाऊन डोळ्यांना पंचाचं टोक लावत परत आले. "काचबिंदू हाय मला. थेंब घालावं लागत्यात, सकाळ-संध्याकाळ, चहाच्या आधी."

जयराजनं पेढ्याचा पुडा सगळ्यांसमोर उघडला. स्वतः एक खाल्ला, मग नानासोंच्या डाव्या बाजूनं पुडा पुढं केला. नानासोंना तो दिसलाच नाही. हात फिरवताना त्यांचा धक्का लागून पाण्याचा तांब्या कलंडला. "दिसला न्हाई," ते पुटपुटले आणि मान पूर्ण वळवून त्यांनी पेढा उचलला. एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं, उरलेला खाली ठेवला.

"ह्योबी कडू. तुमाला बी हिनं फितवलंय वाटतं."

जयराजनं पुडा हुंगून बघितला. पुडा साताऱ्यापासून त्याच्याच पिशवीत होता. मग वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यातच काहीतरी झालंय. विष नाही आणि काही नाही. त्याला सोनियाची दया आली. पण काल विहिरीकाठी पडलेला माणूस खरोखर पडला होता, हे मात्र त्याच्या डोक्यातून जाईना.

रविराज बागेतून आला. बायको आणि बाप यांच्यामध्ये सापडलेला, थकलेला माणूस.

"वडूजच्या डॉक्टरांना दाखवलं का?" दीपालीनं विचारलं.

"दाखवलं. रक्त तपासलं, विषाचं काय निघालं न्हाई. म्हणाले, नाडी लय सावकाश चालतीय, हृदयाचं बघून घ्या. कुठल्या गोळ्या चालू हायत विचारलं. एक बी न्हाई, असं सांगितलं आमी."

"डोळ्यातल्या औषधाचं सांगितलं?"

"ते कुठं पोटात जातंय? ते न्हाई सांगितलं."

खिडकीच्या फळीवर औषधाची छोटी बाटली होती. दीपालीनं ती उजेडाकडं धरली. "ही कधी आणली?"

"गेल्या पंधरवड्यात. औषध मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं, पर मीच आणतो, वडूजवरनं. महिना पुरती."

बाटली साधारण अर्धी होती. दीपालीनं ती जागेवर ठेवली. "हिशोबात आहे. आणि नानासो पडतात ते कधी?"

"दुपारचंच. प्रत्येक वेळी शेडाकडनं येताना."

*

मेंढरांचं शेड वस्तीपासून जरा लांब, बाभळीखाली होतं. बिरदेव तिथंच होते. थोरल्या भावासारखेच उंच, मिशा पांढऱ्या, आवाज चढा.

"आवं, त्यात शोधायचं काय? सून शिकायला जायची म्हणती, सासरा आडवा आला. झालं!"

"दुपारी नानासो तुमच्याकडं असतात म्हणे."

"आसतो की. इथंच बाजेवर आडवा पडतो. भाऊ हाय माझा."

"काही खायला-प्यायला देता?"

"घोटभर पाणी बी देत न्हाई मी! माझ्यावर आळ आणताय व्हय?" बिरदेवांनी रागानं पटका सारखा केला, पण नजर मेंढरांकडं वळवली.

जयराज बाजेच्या कडेला टेकला होता. पायाखाली काहीतरी टोचलं. त्यानं उचलून बघितलं. प्लास्टिकची बारीक, तुटकी कडी. अंगठीपेक्षाही लहान. मेंढरांच्या औषधाची असेल, म्हणून तो टाकणार होता, पण दीपालीनं हात पुढं केला. ती कडी रुमालात गेली.

"बिरदेव, तुम्ही मिरजेला जाता का?"

"जनावराच्या बाजाराला जातो अधनंमधनं. त्याचं काय?"

"काही नाही."

परतताना जयराजला राहवलं नाही. "मॅडम, हाच माणूस असावा. भावाला दुपारी काहीतरी देतो आणि नाव सुनेवर ढकलतो. नाहीतर एवढं ओरडायचं कशाला?"

"देतो, हे खरं वाटतंय," दीपाली म्हणाली. "का देतो, ते कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय मला भीती वाटते."

घरी येऊन तिनं मिरजेला फोन लावला. नानासोंच्या बायकोचा, अंजनाबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोबाईल ओट्यावर ठेवला.

"अंजनाकाकी, तुम्ही होता तेव्हा डोळ्यात थेंब कोण घालायचं?"

"मीच की. मिरजेच्या डोळ्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलेलं. खालची पापणी ओढायची, एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं न्हाई. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, दोन-तीन मिनटं. मी देवाचं नाव घेत बसायची तवर."

"तेव्हा चहा कडू लागायचा त्यांना?"

"न्हाई बाई! दोन कप प्यायचे."

जयराजला यातून काहीच उमगलं नाही. पण दीपाली ताडकन उठली. त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर अंजनाबाईंकडून घेऊन ती अंगणात जाऊन बोलली. परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"नानासो कुठं आहेत?"

"गेले की शेडाकडं," सोनिया म्हणाली. "दुपार झाली."

दीपाली पळत सुटली. जयराज, रविराज आणि सोनिया तिच्या मागं. जयराज ढेकळांतून धावत होता. आपण टेकलो होतो ती बाज, तो चढा आवाज, ती चुकवलेली नजर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून सरकत होतं.

शेडात बाजेवर नानासो उताणे पडले होते. बिरदेवांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि एका हातानं तोंडावर काहीतरी धरलं होतं.

"थांबा!" दीपाली ओरडली. जयराजनं झेप टाकून बिरदेवांचं मनगट पकडलं.

त्या मुठीत औषधाची छोटी बाटली होती. फळीवर होती तशीच.

"आवं, औषध हाय त्ये! डोळ्याचं!" बिरदेव गोंधळून गेले. "दादाचंच औषध हाय!"

"म्हणूनच थांबा," दीपाली धापा टाकत म्हणाली. "हेच औषध यांना पाडतंय."

जयराजनं बाटली काढून घेतली. मेंढरं पत्र्याला अंग घासत होती.

*

दीपाली बाजेच्या कडेला बसली.

"चहात विष असतं तर सोनिया माहेरी असताना चहा गोड लागला असता. आज पेढाही कडू लागला. तो आम्ही साताऱ्याहून आणला होता, जयराजनं त्यातलाच खाल्ला. म्हणजे कडूपणा चहात नव्हता आणि पेढ्यातही नव्हता. तो नानासोंच्या तोंडात आधीच होता. पेढ्याच्या आधी नानासोंनी काय केलं? डोळ्यात थेंब घातला. सकाळी आणि संध्याकाळी चहाच्या आधीही तेच करतात."

"डोळ्यातलं जिभंवर कसं यील?" नानासोंनी विचारलं.

"डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक वाट नाकात उतरते, तिथून घशात. रडताना नाक वाहतं ते त्यामुळंच. काकी तो कोपरा दाबून धरायच्या, म्हणून औषध डोळ्यातच राहायचं. त्या गेल्या आणि ते दाबणं बंद झालं. हे औषध चवीला कडू आहे, आणि रक्तात गेलं की हृदयाचे ठोके कमी करतं. सकाळी मी यांचा हात धरला तेव्हा नाडी भलतीच सावकाश होती. वडूजच्या डॉक्टरांना ते कळलं असतं, पण थेंबांना तुम्ही औषधात धरलंच नाही."

रविराजनं कपाळाला हात लावला.

"पण घरातली बाटली हिशोबात होती," दीपाली पुढं म्हणाली. "दोन थेंबांनी माणूस एवढा पडेल का, हा प्रश्न राहिला. पडायचे ते दुपारीच, इथून परतताना. इथं ही कडी सापडली. नवी बाटली उघडताना झाकणाखालची कडी तुटते. घरातली बाटली घरात उघडली. मग इथं कुठली उघडली? तेव्हा कळलं की दुसरी बाटली आहे, मिरजेहून आणलेली."

बिरदेव खाली बसले. "डॉक्टरची जुनी चिठ्ठी दाखवून आणायचो. दादानंच शपथ घातलेली, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. मी दुपारी चार-पाच थेंब घालायचो. जास्त घातलं की लवकर गुण यील, असं वाटलं. मीच मारत हुतो व्हय त्याला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं. पण माहीत नसताना तुम्ही या मुलीला गुन्हेगार केलंत," दीपाली म्हणाली.

"आन् मी का दडवलं, ते बी इचारा की," नानासो एकदम म्हणाले. "डावीकडचं दिसत न्हाई मला. पावसाच्या आधी एक कोकरू माझ्याच पायाखाली आलं. जलमभर मेंढरं राखली मी. हे कुणाला सांगू? वाटलं, गुपचूप औषध वाढवू, नजर माघारी यील."

"काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, नानासो. औषध आहे ते उरलेली राखायला. ठरलेलं, ठरल्या वेळी, एकच थेंब. जास्त घालून फायदा नाही. आणि आता घाबरून कायमचं बंदही करायचं नाही, नाहीतर उरलेलंही जाईल. डॉक्टर म्हणाले, पुढचा थेंब त्यांनी तपासल्यावरच. गाडी तयार आहे."

रविराजनं बापाला उठवलं. सोनिया मात्र वाटेत उभी राहिली.

"मामा, काल धाकटे मामा सगळ्या वस्तीसमोर बोलले. आज तुमी बी सगळ्यांसमोर खरं बोला. मगच गाडीत बसा."

"सोनिया, आता वेळ न्हाई," रविराज म्हणाला.

"हाय," नानासो म्हणाले.

वस्तीतली माणसं गडबड ऐकून गोळा झालीच होती. नानासो मुलाच्या खांद्याला धरून उभे राहिले. "माझ्या सुनेनं कायबी केलं न्हाई. माझी चूक हुती आन् बिरदेवची. तिच्या नावानं कुणी परत बोललं तर मला इचारा." एवढं बोलून ते गाडीत बसले. बिरदेवांनी हात जोडले आणि मेंढरांच्या आडोशाला गेले.

*

विटा, तासगाव मागं पडलं. मिरजेत पोचेपर्यंत जयराज आरशातून म्हाताऱ्याचा श्वास बघत होता. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, एका रात्रीसाठी ठेवून घ्यायचं ठरलं. डॉक्टरांनी औषध बदललं, हृदयाला न झोंबणारं दिलं. डाव्या बाजूची नजर गेली ती गेली, पण बाकीची सांभाळता येईल, असं स्पष्ट सांगितलं.

अंजनाबाई धावत आल्या, नवऱ्याला दोन शब्द सुनावून सिस्टरशी बोलायला आत गेल्या. बाहेर बाकावर नानासो एकटेच बसले. सोनिया भिंतीला टेकून उभी होती.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय. आणि लय दिवस जाणार न्हाई माझा राग."

"नको जाऊ देऊस," म्हातारा म्हणाला. "पर घरात ऱ्हाऊन धर त्यो. शिकायला मिरजेला गेलीस, तरी सुट्टीत घरी येऊन धर."

सोनियानं पदर सावरला आणि मध्ये एका माणसाची जागा सोडून ती त्याच बाकावर बसली.