दमरेषा

संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची खिडकी, म्हणजे ठरलेली मुदत, बंद व्हायला सहा दिवस उरले होते, आणि हणमंत साळोख्यांना त्यांच्या सगळ्यात लाडक्या खेळाडूचं मोल नव्याने तोलावं लागत होतं.

'तुफान सांगली' या महिला कबड्डी संघाचे ते अदलाबदल प्रमुख. कोणती मुलगी ठेवायची, कोणती द्यायची, तिच्या बदल्यात कोणती मागायची, हे सगळं त्यांच्या डोक्यावर. वय सत्तावन्न. चढाया करून करून दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली, जीभ मात्र शाबूत. एरवी त्यांना गप्प करायला दोन माणसं लागायची. आज ते समोरच्या कागदावरच्या एका रेषेवरून नुसतं बोट फिरवत होते.

"ही रेषा अशी का पडलीय?" त्यांनी अखेर विचारलं.

समोर डॉ. मंजिरी खांडेपारकर बसल्या होत्या. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, ध्वनिशास्त्राच्या. संघाचा श्वासकाटा त्या सांभाळायच्या.

श्वासकाटा म्हणजे काय, हे त्या काळी शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. चढाई करणाऱ्या मुलीने एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' घुमवत राहायचं, दम तुटला की बाद, हा या खेळाचा मूळ नियम. पंचांना तो दम नीट ऐकू यावा म्हणून खेळाडूंच्या गळपट्टीत मायक्रोफोन बसवले गेले. पंचांची सोय झाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या दमात बरंच काही ऐकू येतं. दोन 'कबड्डीं'मधली फट किती, 'ड्ड'वर हवा किती जोराने आपटते, शेवटच्या पाच सेकंदांत आवाजाला किती सूक्ष्म कंप सुटतो, हे माणसाच्या कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. चाळीस हजार खेळाडूंचे दम आणि पुढे त्यांचं काय झालं याच्या नोंदी ऐकवून ते यंत्र तयार केलं. एका मुलीचा आठवडाभराचा सरावाचा दम त्याला दिला, की ते तिच्या पुढल्या दहा वर्षांची दमरेषा, म्हणजे दम कधी किती राहील याचा आलेख, काढून देई. रेषा सत्तावीस-अठ्ठावीस वयापर्यंत चढायची आणि मग उतारावरच्या सायकलीसारखी हळूहळू खाली यायची.

हणमंतरावांच्या लाडक्या रोहिणी वाघमोडेची रेषा दोन वर्षं चढत होती. तिसऱ्या वर्षी ती सरळ खाली येऊन तळाला टेकली होती.

"गुडघा जाणार?" हणमंतरावांनी विचारलं.

"गुडघे यंत्राला ऐकू येत नाहीत. हे श्वासपटलाचं आहे, असा कंप असणाऱ्या सगळ्यांच्या नोंदींत तेच निघालंय. फुप्फुसांखाली स्नायूचा पडदा असतो ना, ज्याच्या जोरावर आपण श्वास ओढतो, त्याचे मज्जातंतू मरायला लागलेत. उरलेले मेलेल्यांचं काम उचलतात, म्हणून तिला काहीच जाणवत नाही. कुठल्याही दवाखान्यात गेली तरी ठणठणीत म्हणून परत पाठवतील, अगदी हेच शोधा असं सांगितल्याशिवाय."

"आणि तळ म्हणजे?"

"तळ म्हणजे श्वास थांबतो, साळोखेसाहेब."

हणमंतरावांनी कागद उलटा करून ठेवला. "औषध न्हाई काय ह्याला?"

"आहे. आत्ता सुरू केलं तर आजार आहे तिथे थांबतो. खेळ सुटेल, पण मुलगी राहील. वर्षभराने सुरू केलं तर उपयोग नाही."

"मग सांगूया की तिला."

मंजिरीबाईंनी खुर्ची जरा मागे घेतली. दोघांनीही करारावर सह्या केल्या होत्या. दमाच्या नोंदी संघाच्या मालकीच्या. त्या बाहेर सांगणं, खुद्द खेळाडूला सांगणंसुद्धा, गुपितभंग. त्यात नोकरी तर जायचीच, वर तुरुंग. आपली रेषा कळलेली मुलगी एक तर फुगते नाही तर खचते, आणि दोन्हीत संघाचं नुकसान, असा त्यामागचा विचार. विचार करणारे अर्थात कधी मैदानात उतरले नव्हते.

"तुम्ही सांगा," मंजिरीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला नाही जमणार. मी घाबरते."

घाबरले हणमंतरावही होते. आटपाडीजवळच्या एका जत्रेच्या सामन्यात, तेराव्या वर्षी, अनवाणी खेळणारी ही पोर त्यांनी हेरली होती. तिच्या आईने मेंढरं सोडून मैदानाच्या कडेला येऊन सांगितलं होतं, "सर, तुमच्या पदरात घालतेय." बारा वर्षं त्यांनी ते शब्द मिरवले होते. आता तेच शब्द आठवायलाही नको वाटत होते.

त्यातच रत्नागिरीचा प्रस्ताव आठवडाभर टेबलावर पडून होता. 'सागरिका' संघाला रोहिणी हवी होती आणि बदल्यात ते तन्वी नाटेकर द्यायला तयार होते. हणमंतरावांनी हा सौदा चार वेळा तोलून चार वेळा बाजूला ठेवला होता. रोहिणी पंचवीस वर्षांची, सामन्याला अकरा गुण, पण करार एकाच हंगामाचा उरलेला. मग ती मोकळी. तन्वी एकोणीसची, गुण सहाच, पण चार हंगाम बांधलेली, आणि तिची चढाई पाहिलेला प्रत्येक जाणकार बोटं तोंडात घालत होता. हातातला पिकलेला आंबा द्यायचा की मोहोर घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. आता आंबा आतून किडलेला निघाला होता. सौद्याच्या वेळी दोन्ही संघ गुणांचे तक्ते आणि सांध्यांची प्रमाणपत्रं देत. सरावाचा दम कुणी कुणाला देत नसे. म्हणजे रत्नागिरीला यातलं काही कळणार नव्हतं.

करारावर शिक्का बसला की रोहिणीला गुपचूप सांगून टाकू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. संघही वाचेल आणि मुलगीही. मनाला असं काहीतरी लागतंच. त्यांनी सागरिकाच्या अदलाबदल प्रमुखांना, अजित भाटकरांना, फोन लावला. भाटकरांनी एकदाही घासाघीस केली नाही. हणमंतरावांना एरवी याचं नवल वाटलं असतं, पण आपलं झाकण्याच्या घाईत त्यांना समोरच्याकडे बघायला फुरसत नव्हती.

दुपारी सराव आटोपून रोहिणी आली. घामाने चिंब, हसरी.

"रत्नागिरीला जायचंय तुला," ते म्हणाले.

तिचं हसू विरलं. "माझं काय चुकलं व्हय, सर?"

"चुकलं काय न्हाई. खेळच असा हाय."

"तुमी म्हनला हुता, माझी शेवटची चढाई पन सांगलीच्याच अंगणात हुनार."

आता सांगावं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. दारात संघाचा व्यवस्थापक कागद घेऊन उभा होता. हणमंतराव म्हणाले, "तिकडं समुद्राची हवा हाय. मानवंल तुला." रोहिणीने वाकून पायाला हात लावला आणि ती गेली. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शिक्का त्याच संध्याकाळी बसला. दुसऱ्या दिवशी फोन करायचा होता. त्या दिवशी बैठक निघाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी मंजिरीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. तन्वीच्या दोन दिवसांच्या सरावावरून कच्ची रेषा तयार झाली होती.

ती दीड वर्षातच तळाला टेकत होती.

"हिलाही तोच आजार?" हणमंतरावांनी विचारलं.

"नाही. हे बहुतेक हृदयाचं. कारण वेगळं आहे, तळ तोच." मंजिरीबाईंनी एक कागद पुढे सरकवला. "या खिडकीत एकोणीस अदलाबदली झाल्या. अडतीस मुली. मागच्या वर्षीपर्यंत श्वासकाटा चारच संघांकडे होता, यंदा सगळ्यांकडे आहे. मला सांगा, जिची रेषा चांगली आहे, तिला कुठला संघ सोडेल?"

हणमंतरावांनी नावं वाचली. निम्म्याहून अधिक मुली त्यांच्या ओळखीच्या होत्या. एकीच्या लग्नात ते जेवून आले होते. प्रत्येक नावामागे त्यांच्यासारखाच कुणीतरी बसला होता, कागद बघून घाबरलेला, समोरच्याला फसवल्याच्या समाधानात असलेला. अडतीस मुलींबद्दल कुणाला ना कुणाला सगळं माहीत होतं, आणि अडतीस मुलींना काहीच माहीत नव्हतं.

खिडकीतून मैदान दिसत होतं. तन्वी एकटीच चढाईचा सराव करत होती. तिला सांगायचंच, आता नोकरी गेली तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं. पण आधी रोहिणी. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"रोहिणी, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. श्वासपटल तपासा म्हणावं, तेवढंच." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. रेषा, तळ, औषध, स्वतःची लबाडीसुद्धा.

मग रोहिणी चक्क हसली.

"भाटकर सर म्हनले हुते, असा फोन यील म्हनून."

"काय?"

"म्हनले, सांगलीवाल्यांना पस्तावा हुईल. मग तुला आजारी हायेस म्हनून भ्या घालतील, म्हंजे तू खेळायची न्हाईस. सगळेच संघ असं करत्यात म्हनं. मी भांडले त्यांच्याशी. म्हनलं, आमचं सर तसलं न्हाईत." आता तिच्या आवाजात हसू उरलं नव्हतं.

"पोरी, तुझ्या आईची शपथ घेऊन सांगतो."

"आईला मधी आनू नका, सर."

"भाटकरांनी तुझा दम घेतला का?"

"दोन दिवस घेतला की. आनि आज मी अकोल्याला चालले. चार दिवसांत तिसरा संघ. हितल्या पोरी म्हनत्यात, रोहिणी, तुला केवढी मागणी हाय." तिने आवाज चढवला. "तुमाला वाटतंय ना, माझा दम कमी झालाय? मग ऐका."

आणि बसस्थानकाच्या गलक्यात उभ्या उभ्या तिने श्वास भरून घेतला आणि दम धरला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आजूबाजूची माणसं थांबली असावीत, कारण गलका कमी होत गेला. हणमंतराव फोन कानाला घट्ट दाबून ऐकत राहिले. कुठे अडखळणं नाही, कुठे खरखर नाही, आवाज भरलेला आणि स्वच्छ. उभी हयात हा आवाज पारखण्यात गेलेल्या त्या कानांना त्यात काहीच खोट सापडेना. मंजिरीबाईंचंच चुकलं असेल, असं क्षणभर त्यांनाही वाटलं, आणि त्या वाटण्याने त्यांना इतकं बरं वाटलं की आपण पुन्हा स्वतःलाच फसवतोय हे कळून ते दचकले.

"पटलं का, सर?" रोहिणीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन बंद करून ती गाडीत चढली.