सध्या प्रॉम्प्टिंग कोण करतंय?

ती मालिका एके दिवशी संध्याकाळी साडेसातला अचानक बंद पडली.

म्हणजे, तसं म्हणायचं नाही. चॅनेलला विचारलंत तर अशी मालिका कधी नव्हतीच. आणि जी सुरूच झाली नाही, ती बंद पडेल कशी?

तरीही पुढचं सगळं खरं आहे. अश्वती आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायची.

हैदराबादजवळ, मोईनाबादच्या रस्त्यावर शूटिंगसाठी भाड्यानं घेतलेला बंगला. मंगळवार. दुपारचा दीड. भुतं रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेलुगू मालिकेत काम केलेलं नाही. तिथं सगळं दिवसपाळीत चालतं.

अश्वती त्या घरातली सून. मालिकेतली. मूळची केरळमधल्या ओट्टापालमची. तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं.

अडतही नव्हतं. कॅमेऱ्याच्या डावीकडे प्रॉम्प्टर सत्तीबाबू उभा राहायचा. तो वाक्य म्हणायचा, मागोमाग ती म्हणायची. चुकली की 'पुन्हा, अम्मा' म्हणायचा; तिकडे पोरीबाळींनाही अम्मा म्हणतात. दिव्यांच्या झोतात तो तिला दिसायचाही नाही. नुसता आवाज. नंतर वरलक्ष्मी नावाची डबिंगवाली स्टुडिओत बसून तिच्या ओठांवर स्वतःचा आवाज चढवायची. तिला कागद कुणी पाठवत नसे. सेटवरचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि तसंच म्हणायचं.

अशी चारशे भागांची सून.

मालिकेचं आधीच काही खरं नव्हतं. दिग्दर्शक तिसरा. नवरा दुसरा. सासूनं दुसरीकडे काम धरलं म्हणून तिला कोमात टाकलेलं, आणि पांघरुणाखाली उशी झोपवलेली. हाताशी शिल्लक भाग एकही नाही. आज शूट केलेलं उद्या संध्याकाळी साडेसातला दिसणार.

त्यात सत्तीबाबू गेला. झोपेतच.

दोन मिनिटं शांतता पाळली. मग शूटिंग.

एकोणीस दिवस अगदी सुरळीत गेले.

विसाव्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, जेवताना मॅनेजर यादगिरीनं पप्पू-भात, म्हणजे वरणभात, कालवत सहज विचारलं, "सध्या प्रॉम्प्टिंग कोण करतंय?"

"तू आणलेला माणूस," दिग्दर्शक चक्रपाणी गारू (गारू म्हणजे आपलं 'राव') म्हणाले.

"मी कुठं आणला? मला वाटलं चॅनेलनं पाठवला."

दोघांनी अश्वतीकडे पाहिलं.

"डावीकडून येतो की आवाज," ती म्हणाली. "नवा माणूस आहे ना? बोलतो अगदी सत्तीबाबूंसारखा."

डावीकडे फक्त फ्रिज होता...

त्याचा प्लगसुद्धा लावलेला नव्हता.

चक्रपाणी गारूंनी बराच वेळ फ्रिजकडे पाहिलं. मग हात धुतले. "एकही टेक वाया गेलेला नाही. राहू दे."

त्याच दुपारी डावीकडून वाक्य आलं. अश्वतीनं म्हटलं. सेटवर हशा पिकला.

"मॅडमनी माझं नाव घेतलं!" शिडीवरून लाइटवाला मल्लेश ओरडला. "यादगिरी अण्णा, आता मला डायलॉग द्या!"

ती म्हणाली होती, "मल्लेश, आवर. उद्या निघायचं."

लेखकानं घातलं असेल, असं दिग्दर्शकाला वाटलं. दिग्दर्शकानं घातलं असेल, असं लेखकाला. वाक्य राहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मल्लेश घरी टीव्हीसमोर होता. बायको सांगते, वाक्य संपलं...

आणि त्याच्या हातातला चहाचा पेला खाली पडला. मागोमाग तो.

पुढच्या आठवड्यात सासऱ्याचं काम करणारे रामलिंगम गारू. तसंच वाक्य. तेच साडेसात.

आपण काय बोललो, ते अश्वतीला तेव्हा यादगिरीनं मोडक्या हिंदीत समजावलं. तोवर सेटवर खरं नाव कुणी उच्चारेनासं झालं होतं. सगळे एकमेकांना 'बाबू' म्हणत. 'बाबू, चहा' म्हटलं की सहाजण उठायचे.

अश्वतीची आई ओमना रोज तिच्यासोबत यायची, मेकअपच्या खोलीत बसायची.

"अम्मे, आपण घरी जाऊ."

"करार संपू दे, मोळे, पोरी. दोनच महिने राहिलेत. आणि मल्लेशला बीपी होतं."

"रामलिंगम गारूंना?"

"वय होतं."

मग चॅनेलचा फोन आला. सुनेच्या चेहऱ्यावरची भीती प्रेक्षकांना फार आवडतेय. प्रॉम्प्टर बदलू नका.

सोमवारी अकराच्या सुमारास दिवे लागले. कॅमेरा सुरू झाला.

डावीकडून आवाज आला...

या वेळी मल्याळममध्ये.

सत्तीबाबूला मल्याळम येत नव्हतं. पण बोलणं स्वच्छ होतं, ओट्टापालमच्या बाजारात ऐकावं तसं.

"ओमना, आवर. उद्या निघायचं."

अश्वतीनं ओठ घट्ट मिटले.

आवाज थांबला. ती अडखळली की सत्तीबाबू थांबायचा, तसाच. मग अगदी मायेनं...

"पुन्हा, अम्मा."

अकरा टेक झाले. तिनं तोंड उघडलं नाही.

"मौनव्रत आहे का?" चक्रपाणी गारू वैतागले. "बरं, नुसती बघ. रडू आलं तर रड."

तिला रडू आलं. शॉट ओके झाला.

त्या रात्री ती पोटभर दहीभात जेवली. शब्द तोंडातून गेलाच नव्हता.

मंगळवारी चार वाजता वरलक्ष्मीचा फोन.

"काय गं अम्मा, काल कुठल्या भाषेत बोललीस? मला मेलीला काही कळेना. ऐकलं तसंच म्हणून टाकलं."

"मी बोललेच नाही! माझे ओठ बंद होते!"

"हो ना. म्हणून एडिटरनं ते वाक्य तुळशीच्या शॉटवर टाकलंय. बरं दिसतंय. पण सत्तीबाबूचा आवाज काय खणखणीत आलाय गं! तब्येत सुधारली वाटतं?"

अश्वतीनं चक्रपाणी गारूंना फोन लावला.

"भाग चॅनेलकडे कधीच गेला," ते म्हणाले. "आता माझ्या हातात काही नाही. चॅनेलला लेखी दे."

आतून आईनं विचारलं, "मोळे, आज तुझा भाग बघायचा ना?"

ती वर आमच्याकडे आली. अर्ज आमच्याच टेबलावर लिहिला. तो मला अजून पाठ आहे. विसरायचा प्रयत्न करून झाला.

"प्रति, मा. कार्यक्रम प्रमुख.

विषय: आजच्या भागातील एक वाक्य वगळण्याबाबत.

महोदय, सदर वाक्यात अर्जदाराच्या आईचे नाव आले आहे. तरी ते प्रक्षेपणापूर्वी काढून टाकावे. वेळेअभावी ते शक्य नसल्यास, आज संध्याकाळचे साडेसात पुढील आदेशापर्यंत वाजू देऊ नयेत, ही नम्र विनंती."