मुक्या गाडीची घुंगुरमाळ

"पोरीला धरून बसत जा गं. ती मुकी गाडी यायला लागलीया गल्लीत," गोजाबाई म्हणाल्या होत्या.

शेजारच्या ओट्यावर बसून सुपातले तांदूळ निवडता निवडता त्या बोलल्या, आणि तनुजानं ते हसण्यावारी नेलं. "मावशी, गाडी आली की ऐकू येतंच की. माझे कान फार तिखट आहेत."

खोटं नव्हतं ते. घटस्फोटानंतर तीन वर्षांच्या मधूला घेऊन ती चिखलीत आईकडं राहायला आली, तेव्हापासून तिचे कान झोपेतही जागे असायचे. मधूचा श्वास, दाराची कडी, कुकरची शिट्टी... गल्लीच्या एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला लहान लहान वर्कशॉप. तिथल्या ग्राइंडरच्या किरकिरीतूनही पाण्याचा टँकर कुठला आणि भंगारवाल्याचा टेम्पो कुठला, हे ती मान वर न करता सांगायची.

एकच आवाज तिच्या कानांतून निसटला होता. तिचा नवरा अर्णव ज्या सकाळी घर सोडून गेला, त्या सकाळी त्यानं दार इतकं हळू ओढून घेतलं, की त्याच्यासाठी ओतलेला चहाचा दुसरा कप थंड होऊन त्यावर साय धरेपर्यंत तिला कळलंच नाही.

तर, श्रावणातली दुपार. पावसानं उघडीप दिलेली, रस्ता वाळलेला. मधू गल्लीच्या मधोमध उकिडवी बसून खडूनं हत्ती काढत होती. तनुजा पायरीवर, मांडीवर गणिताचे पेपर. एका क्लासचे पेपर ती घरून तपासायची. तिनं सहज मान वर केली, आणि—

मधूच्या डोक्यापासून हातभर अंतरावर एका पांढऱ्या पिकअपचं नाक होतं.

ना घरघर, ना ब्रेकची करकर. जणू ती गाडी तिथं उगवली होती. मधूला पत्ताच नव्हता. ती हत्तीचं शेपूट काढत होती.

पेपर गल्लीभर उडाले. मधूला छातीशी घट्ट धरून तनुजा ओरडली, तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "ओ भाऊ, हॉर्न द्यायला काय होतं?"

ड्रायव्हर खाली उतरला. सावळा, सडसडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यानं आधी वाकून मधूकडं नीट बघून घेतलं.

"वळणावरनंच दिसली ती मला. तेव्हापासून गोगलगायीसारखा आलोय. हॉर्न दिला असता तर दचकून तिकडं पळाली असती," त्यानं उघड्या गटाराकडं बोट केलं.

पळालीच असती. हे पटलं, म्हणून तनुजाला जास्तच राग आला. "असली मुकी गाडी घेतलीच कशाला तुम्ही?"

तो उत्तर द्यायच्या आधी मधूच आईच्या खांद्यावरून म्हणाली, "माझ्या हत्तीवर चाक नको."

"न्हाई आणत," तो गंभीरपणे म्हणाला. त्यानं गाडी मागं घेतली, हत्तीला वळसा घातला आणि पलीकडून गेला. जागा इतकी चिंचोळी की आरसा भिंतीला खरडत गेला. तनुजानं ते पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.

त्या रात्री मधू गाढ झोपली होती आणि तिची आई छताकडं बघत पडली होती.

पुढच्या खेपेला गाडीआधी आवाज आला. छुम्... छुम्... छुम्.

"बैल आला का काय गं?" गोजाबाई ओट्यावरून उठल्याच.

बैल नव्हता, पिकअप होती. पुढच्या जाळीवर एक जुना चामडी पट्टा करकचून बांधलेला, त्यावर पितळी घुंगरं. खड्डा आला की सगळी एकदम खिदळायची. मधू टाळ्या पिटत दारात आली. तनुजानं तिचा फ्रॉक मागून धरला, पण ओठांच्या कडा काही तिला धरता आल्या नाहीत.

"बादलच्या गळ्यातली हाय," तो म्हणाला. "आमचा शर्यतीचा बैल. तो गेला, माळ खुंटीला राहिली. आता कळंल ना मी आलेला?"

"कळेल, भाऊ."

"एक विनंती होती. भाऊ नका म्हणू. राखी पौर्णिमा जवळ आली, उगाच भीती वाटती."

नाव त्याचं ओंकार. निघोज्यातलं जुनं शेतकरी घर. गावाकडच्या शेडमधून पत्र्याचे सुटे भाग तो इथं रंगवायला आणायचा आणि रंगवलेले परत न्यायचा. माल उतरेपर्यंत त्याला वेळ असायचा, आणि तनुजाला प्रश्न विचारायची सवय होती.

"किती चालते एका चार्जिंगमध्ये?"

"रिकामी असली तर एक उत्तर, भरली तर दुसरं. एसी लावला तर तिसरं."

"कंपनीनं सांगितलेलं?"

"ते चौथं."

ती हसली. मग लगेच भुवया आक्रसून, "आणि घाटात? लाईट गेली तर? अचानक लांब जायची वेळ आली तर?"

"मॅडम, मुलगी द्यायची असल्यासारखं विचारताय."

तिचे कान तापले. तो मात्र आता खरंच विचार करत होता. "खरं सांगू? घर ते शेड, शेड ते चिखली, पुन्हा घर, एवढ्याला पुरून उरती. डिझेलचा धूर न्हाई, कंबर दुखत न्हाई. पण उद्या उठून कोल्हापूरला जा म्हटलं, तर मला वाटेत चार्जिंग कुठं हाय ते बघत बसावं लागंल. ही रोजची गाडी हाय. एखाद्या दिवसाची न्हाई."

"परीक्षा एखाद्याच दिवशी असते पण," तनुजा म्हणाली.

म्हणाली खरी, पण ते वाक्य घेऊन ती दिवसभर घरात फिरत राहिली. अर्णव एखाद्या दिवसाचा माणूस होता. वाढदिवसाला फुगे, लग्नाच्या वाढदिवसाला समुद्र. रोजचा ताप, रोजचं दूध, रोजची रडारड... ते त्याला झेपलं नव्हतं. मग नेमकी कसली भीती वाटतेय आपल्याला?

गौरी-गणपती झाले. छुम् छुम् ऐकू आलं की ती आता नकळत केस सारखे करायची, आणि आपण ते केलं हे कळलं की मुद्दाम विस्कटायची. तो येताना कधी मधूसाठी कणसं आणायचा, कधी नुसतीच कोथिंबिरीची जुडी आणून तिच्या आईच्या, नीलिमाताईंच्या हातात द्यायचा. तिच्याकडं बघायचा ते आरशातून. तोच खरडलेला आरसा.

"घरी काय म्हणतात, माळ बांधली म्हणून?" तिनं एकदा विचारलं.

"आमचे वडील, दादासाहेब, गाडीत बसलेच न्हाईत अजून. आवाज न्हाई, वास न्हाई, असल्या वस्तूवर इस्वास कसा ठेवायचा म्हणत्यात. माळ बांधताना मात्र आले. पट्टा हातानं आवळून दिला." त्यानं जाळीवरचा पट्टा चाचपला. "बोलले काय न्हाईत."

आणि एका बुधवारी, माल उतरवून झाल्यावरही तो घुटमळला. "उद्या सुट्टी हाय. पाचला येतो. एक विचारायचं होतं..."

"आत्ता विचारा की."

"अंगावर ही रंगाची पावडर घेऊन न्हाई विचारायचं ते."

तनुजाचा हात केसांकडं गेला आणि त्याच्याच मागून नेहमीची काळजी आली. "गुरुवारी लाईट नसते. आज रात्रीच चार्जिंगला लावा."

"लावतो, मॅडम."

गुरुवार. औद्योगिक सुट्टी, वर दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट गेलेली. वर्कशॉपची शटर बंद. एरवी कानठळ्या बसवणारी ती गल्ली इतकी शांत होती, की पन्हाळीतून गळणारं पाणी ऐकू यावं. आज तर छुम् छुम् वळणाच्याही पलीकडून कळलं असतं.

पाच वाजले. मधू खिडकीत नाक चेपून बसली. मग साडेपाच.

फोन बंद लागत होता.

"कामात अडकला असेल," नीलिमाताई म्हणाल्या.

"सांगितलं असतं त्यानं."

सांगितलं असतं? मागेही तिला असंच वाटलं होतं. चहा ओतलेला, दोन कप मांडलेले, आणि ती वाट बघत बसलेली... तनुजानं साडीच्या निऱ्या उगाचच पुन्हा चापून धरल्या. आज साडी नेसायला नको होती. एवढं तयार व्हायला नको होतं. आणि दुसऱ्याच क्षणी मनात वेगळंच चित्र: ओला रस्ता, मुकी गाडी, कुणीतरी न ऐकता आडवं गेलं, यानं स्टिअरिंग फिरवलं...

"मावशी, गोगलगायीसारखा चालवतो ना तो?" ती ओट्याकडं बघून म्हणाली. उगाचच.

गोजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "गाडी मुकी हाय गं, मानूस न्हाई. काय तरी झालं असंल. जा, बघून ये. पोरीला मी बघते."

या खेपेला तनुजा हसली नाही. पदर खोचला, रेनकोट चढवला, स्कूटी काढली.

तळवडे मागं पडलं. कंपन्यांची बंद फाटकं, रस्त्याच्या कडेला उभे कंटेनर, अंगावर तिरपी भुरभुर. प्रत्येक पांढऱ्या पिकअपपाशी तिचा जीव वर यायचा आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी निघायची. इंद्रायणीच्या पुलाजवळ वाहनांची थोडी गर्दी दिसली. तिनं वेग वाढवला. जवळ गेली, तर कणसंवाला होता.

आता पुढं जावं, की परत फिरावं? मुलगी घरी, अंधारून आलेलं... तिनं स्कूटी कडेला घेतली आणि बंद केली. डोळ्यांना काही सापडत नव्हतं. कान उरले होते.

नदी. पाऊस. लांब कुठंतरी एक ट्रक.

आणि—छुम्.

पुन्हा छुम्. चाकांची लय नव्हती ती. खड्ड्यात खिदळणारी नव्हती. सावकाश, दमलेली, एकामागून एक पाऊल टाकणारी.

पुलावरून एक माणूस चालत येत होता. पांढरा कडक शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. आणि खांद्यावरून छातीवर आडवी टाकलेली बैलाची घुंगुरमाळ.

"ओंकार..."

तो थबकला. "तुम्ही? एवढ्या पावसात?"

"गाडी कुठंय?"

"पुलापलीकडं. बसली. एकच टक्का, तोबी गेला." त्यानं कपाळावरचं पाणी निरपलं. "आमची अंबुबाई आत्या दुपारी जोत्यावरनं पडली. खुब्याला लागलं. अँब्युलन्सची वाट कोण बघतंय, मागं गादी टाकली, चाकणला नेली, पट्टा बांधून परत घरी आणली. गावात काल रातीच लाईट गेली, चार्जिंग झालंच न्हाई. राहिलेल्या चार्जिंगवर निघालो, म्हटलं पोचंल."

"आत्या कशा आहेत?"

"बरी हाय. दादासाहेब तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसले होते. पयल्यांदाच बसले गाडीत. म्हणले, हादरा न्हाई रं हिला, बाई कण्हली पण न्हाई." तो किंचित हसला. "एखाद्या दिवसाचं काम केलं बघा गाडीनं. रोजचंच राहिलं."

इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी तनुजाच्या तोंडून रागाचं रूप घेऊन बाहेर पडलं. "फोन का बंद?"

"बॅटरी गेली. गाडीवर लावला असता, पण म्हटलं टक्का खर्च होईल. वायपर पण बंद ठेवला होता."

"फोनला किती लागतं रे? गाडी पाच पावलंसुद्धा कमी चालली नसती. गणित तरी विचारायचंस मला."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण त्याला 'तू' म्हटलं. त्यालाही कळलं. पाऊस तेवढा पडत राहिला.

"आणि ही माळ? एवढं ओझं घेऊन चालत?"

"तू ऐकत बसली असशील," तो म्हणाला. "नुसता आलो असतो तर दारात येईपर्यंत कळलं नसतं. तुला न कळता... कुणी यावं असं वाटंना. आणि जावं असं तर अजिबातच न्हाई."

तिनं मान वळवली. नदीकडं बघत राहिली. रेनकोटची टोपी मागं पडली होती, ती पुढं ओढायचं तिला सुचलं नाही.

"पाचला काय विचारणार होतास?"

"एवढंच, की... रोज यायचं म्हणतोय. सकाळी कामाला जायचं, संध्याकाळी घरी यायचं. घर तुझं आन् मधूचं असंल ते. चालंल का?"

"आवाज करत यायचं."

"करत."

"आणि ज्या दिवशी जमणार नाही?"

त्यानं खांद्यावरची माळ नुसती हलवली. छुम्.

तनुजाला हसू आलं आणि रडूही. कोणतं आधी, ते पावसात समजायला मार्ग नव्हता. तिनं पदराचं कोरडं राहिलेलं टोक काढून त्याच्या हातात दिलं. "तोंड पूस. आणि बस मागं. मधू खिडकीतून हलली नसेल अजून."

स्कूटी गल्लीत वळली तेव्हा लाईट नुकतीच आली होती. मागं बसलेल्या नवरदेवासारख्या भिजक्या माणसाच्या अंगावर घुंगरं वाजत होती, आणि खिडकीतून एक बारीक आवाज आला, "आला बैल."

आता लग्न करून ते तिघं निघोज्यात राहतात. गाडी तीच, आरसाही तोच खरडलेला. बुधवारी रात्री चार्जिंगची वायर तनुजा स्वतः लावते, पुन्हा एकदा उठून बघते, आणि त्याच्या फोनची दुसरी वायर डॅशबोर्डला बांधूनच ठेवलीय. तरी गुरुवार आला, ढग भरून आले, की तिचे कान रस्त्याला लागतात. ती सवय काही जायची नाही.

तेव्हा तुमचं कधी त्या बाजूला जाणं झालं, आणि इंद्रायणीच्या पुलापाशी खरडलेल्या आरशाची एक पांढरी पिकअप गप्प उभी दिसली, तर नुसते पुढं जाऊ नका. काचेवर टकटक करा. आत तो असेल तर जेवलास का विचारा, आणि घरी फोन कर म्हणावं. आत कुणी नसेल, तर थोडं पुढं जाऊन बघा... माळ खांद्यावर टाकून चालत निघाला असेल.