वाडीकडचा तिसरा बॉक्स

टक्... टक्. मग एक खाकरा. "हाय मी, हाय."

अमरदीपच्या कानात हा आवाज लहानपणापासून बसलेला. त्याचा मामा गंगाराम साऊंडवाला. संगमेश्वरच्या बाजूला लग्न असो, नमनाचा खेळ असो, स्पीकरचे बॉक्स गंगारामचेच. दुसरे लोक माईकवर 'हॅलो, चेक' करतात. हा नखानं दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "हाय मी, हाय." मग समजायचं, आवाज लागला.

लाईट येईपर्यंत सांगतो, ऐका. अमरदीपनं मला सांगितलं तसंच. पदरचं काही नाही.

गंगारामची आणखी एक खोड होती. आवाजाचा मिक्सर उघडून आत कुठं वायरीला कथलाचा डाग दिला, की त्यावर नखपॉलिशचा लाल ठिपका लावायचा. बायकोच्या, प्रेमलाच्या डबीतून बाटली पळवायचा. ठिपका आहे म्हणजे तो डाग आपण तपासलाय, पुन्हा बघायला नको.

गंगाराम जाऊन सहा वर्षं झाली. मिक्सर भाच्याकडे आला. जुना, जड, आवाज बाहेर जायच्या वाटा दोनच, डावी आणि उजवी.

दोन हजार तेवीस साल. फेब्रुवारीची अकरा तारीख, शनिवार. गावच्या शाळेच्या इमारतीला साठ वर्षं झाली म्हणून पटांगणात कार्यक्रम होता. गंगारामची मुलगी श्रुती त्याच शाळेत शिकून शिक्षिका झालेली. ती बोलणार होती. तिचा आजा, गंगारामचा बाप काशीराम, एक्क्याण्णव वर्षांचा, पऱ्यापलीकडं, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, वाडीत खाटेवर पडून. त्यानं अमरदीपला बोलावून घेतलं.

"पोरा, शाळेच्या भिंतीचे चिरे मी डोक्यावरना आणलेत. फरशीवर माजं नाव नाय. पोरगी आज घेणार हाय. मला ऐकायचाय."

"ऐकवतो, आजोबा," अमरदीप म्हणाला.

ऐकवायचं तर तिसरा बॉक्स हवा आणि त्याला मिक्सरमधून तिसरी वाट हवी. ती वाट काढायची गंगारामची फार इच्छा होती. पण शाळा समितीचे अध्यक्ष महिपतराव दरवेळी म्हणायचे, वाडीला ऐकायचं असेल तर पटांगणात येऊन मागं बसावं.

दुपारी अमरदीपनं मिक्सर उघडला. मागच्या पत्र्याला भोक पाडून नवं सॉकेट बसवलं. डावा आणि उजवा आवाज एकत्र करून एका लहानशा आयसी चिपमधून तिकडं वळवला. तिथून लांब वायर, पऱ्यावरच्या साकवाच्या कठड्याला बांधत बांधत, थेट काशीरामच्या पडवीतल्या बॉक्सपर्यंत.

सगळं झालं. झाकणाचे स्क्रू आवळले. आणि सात वाजता त्याला आपली चूक कळली.

मिक्सरवर मास्टरच्या दोन दांड्या असतात. खाली ओढल्या की सगळं गप्प. मामानं हजारदा सांगितलेलं, "तिसरी वाट दांड्यांच्या आधी काढायची. दांडीवर कुणाचापण हात पडतो." आणि घाईघाईत अमरदीपनं डाग दिले होते ते दांड्यांच्या नंतर. म्हणजे दांड्या ओढल्या की वाडीचा बॉक्सही गप्प.

आता उघडायला वेळ नव्हता. लोक येऊन बसायला लागले होते.

महिपतरावांनी वायर बघितलीच. "काय रे, माणसाला कान दोन. तुला बॉक्स तीन कशाला?"

"दोन कान हितं हायत, महिपतराव. बाकीचे पऱ्यापलीकडं."

"काढ ती वायर."

"नाय काढणार. साऊंडचं काम माजं. तुम्ही हारतुऱ्यांचं बघा."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. महिपतराव तिथंच, अमरदीपच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

नऊ वाजून वीस मिनिटं. चंद्र अजून उगवला नव्हता. श्रुती उभी राहिली. आभार, नमस्कार झाले. मग तिनं भिंतीवरच्या फरशीकडं हात केला.

"या फरशीवर देणगी देणाऱ्यांची नावं आहेत. पहिलं नाव अध्यक्षांच्या वडिलांचं. पण चिरे वाहणाऱ्यांची नावं कुठे आहेत? ती मी सांगते..."

महिपतरावांचा हात आला. दोन्ही दांड्या खाली. पार खाली.

पटांगण मुकं झालं.

अमरदीपनं दांड्यांकडं हात नेला. महिपतरावांनी मनगट धरलं. घट्ट. श्रुतीचे ओठ हलत होते. आवाज पाचव्या रांगेपर्यंतही पोचेना.

आणि मग...

पऱ्यापलीकडून.

टक्... टक्.

श्रुतीचे दोन्ही हात खाली होते. माईकला कोणी शिवलं नव्हतं.

अंधारात कोणीतरी खाकरलं.

"हाय मी, हाय."

सगळी डोकी वाडीकडं वळली. एक मूल रडायला लागलं आणि थांबलं. आणि पलीकडून श्रुतीचा आवाज आला. स्वच्छ. मोठा.

"...काशीराम..."

श्रुतीनंही तो ऐकला. ती एक क्षण थबकली. मग मान वर करून एकेक नाव घेत गेली. बारा नावं.

"बंद कर," महिपतराव पुटपुटले. ते दांड्या दाबतच होते. मग एकदम त्यांनी हात काढून घेतला, मनगटही सोडलं. अमरदीपनं मिक्सरला हात लावला. चाललेला मिक्सर नेहमी कोमट असतो. हा... गार. पहाटेच्या विहिरीसारखा.

तरी हात न काढता तो म्हणाला, "नाय करणार बंद."

बारावं नाव होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

दहाच्या सुमाराला मिक्सर काशीरामच्या पडवीत आणला. म्हातारा जागाच होता. डोळे पुसत म्हणाला, "गंग्यान् आदी टकटक केलान्. मंग पोरीचा आवाज लागला."



अमरदीपनं स्क्रू काढले. प्रेमलानं बॅटरीचा उजेड धरला. झाकण उघडलं.

त्यानं दिलेले डाग जागेवर नव्हते. दोन्ही वायरी दांड्यांच्या आधी जोडलेल्या. गोल, चकचकीत, नेटके डाग.

दोन डाग. दोन लाल ठिपके.

"मामी," अमरदीप कसाबसा म्हणाला, "घरात नखपॉलिश...?"

प्रेमलानं मान हलवली. सहा वर्षांत ती बाटली तिनं घरात आणली नव्हती.

तिनं वाकून एका ठिपक्याला बोट लावलं.

बोट लाल झालं.

ती बोटाकडं बघत राहिली. मग बॅटरी खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला, आणि नवऱ्यानं हाक मारल्यासारखी अंधारात साकवाच्या दिशेनं चालत गेली.