गाडीत जागा नाही

काम तसं साधंच होतं. एका बाईंना दिवसभर गाडीतून फिरवायचं, धबधबा दाखवायचा, काळी रेती दाखवायची, अंधार पडला की उत्तरेचे दिवे दाखवायचे आणि सुखरूप परत आणून सोडायचं. बाळंतपणाआधी स्वाला हे डोळे मिटून करायची. आणि गरोदर असताना तर खरोखरच तसं करायची! आभाळातले ते हिरवे दिवे पोटुशीनं पाहिले तर पोर चकणं निघतं, असं तिच्या सासूनं, गुन्वोरनं, बजावलं होतं. भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेली स्वाला त्यावर पोट धरून हसली होती आणि मग हिवाळा संपेपर्यंत आभाळाकडे पाठ करून पाहुण्यांना सांगत राहिली होती, "ते बघा, माझ्या मागे... किती सुंदर!"

पोरगी निघाली सरळ डोळ्यांची. पण चार महिन्यांची झाली तरी झोपेना, हसेना, आणि वजनाचा काटा जागचा हलेना. दवाखान्यातली नर्स दर वेळी काट्याकडे बघून "बघू या हं" म्हणायची. त्या 'बघू या'नं स्वालाची झोप उडाली होती. रात्री ती पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसायची, श्वास लागला की हायसं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, हा माझ्याच बोटाचा वारा तर नसेल?

पोरीला अजून नाव नव्हतं. म्हणजे होतं, स्टेला, पण ते फक्त स्वालाला आणि तिच्या नवऱ्याला, बेर्गुरला, ठाऊक. चर्चमध्ये डोक्यावर पाणी पडेपर्यंत नाव उच्चारायचं नाही, ही उत्तरेकडच्या त्या बर्फाळ बेटावरची रीत. तोवर सगळ्यांची ती नुसती 'पोरगी'. नामकरण रविवारी होतं. बेर्गुर शनिवारी मासेमारीच्या बोटीवरून परतणार होता.

"कुणी आलं होतं का गं स्वप्नात?" गुन्वोरनं चारदा विचारून झालं होतं. गेलेल्या माणसाला आपलं नाव पुढे चालावं असं वाटलं, की ते पोटुशीच्या स्वप्नात येतं आणि घरात आसरा मागतं. त्याला नाही म्हटलं, तर पोर बाळसं धरत नाही.

"कुणी नाही आलं," स्वाला म्हणाली होती.

आलं होतं. जुलैत, हंगाम अगदी भरात असताना. दारात एक उंच बाई, घागऱ्यातून पाणी निथळतंय, एका हातावर लाल लोकरी हातमोजा, दुसरा हात उघडा. "आत जागा आहे का गं?" आणि स्वालानं झोपेतसुद्धा धंद्याची सवय सोडली नाही. "माफ करा हं, सगळं बुक झालंय. गाडीत जागा नाही." बाई मान हलवून निघून गेली. सकाळी स्वालाला हसू आलं होतं. हल्ली येत नव्हतं.

तर, सहलीचा फोन आला तो मंगळवारी.

"अख्खी गाडी हवी," पलीकडून आवाज. आपल्याच भाषेत, पण जुन्या वळणाची. स्वालाला नवल वाटलं. गावची माणसं कशाला पैसे मोजून धबधबा बघतील? तो तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो.

"किती जण आहात?"

"मी एकटी. पण गाडी अख्खी."

"नाव काय लिहू?"

"ते शेवटी सांगते."

शुक्रवारी सकाळी नामकरणाचे केक करता करता गुन्वोरची कंबर धरली. "तुझ्या वयात मी तीन पोरं आणि सगळ्या मेंढ्या सांभाळत होते," पलंगावर आडवी पडून ती म्हणाली, "पण तेव्हा माझी कंबर माझी होती." पोरगी बाटलीला तोंड लावत नव्हती. सहल रद्द करावी म्हणून स्वालानं फोन लावला. ती तोंड उघडणार, एवढ्यात पलीकडून आवाज आला, "घेऊन ये की पोरीला. मला चालेल."

फोन ठेवल्यावर मात्र स्वालाला प्रश्न पडला. आपल्याला पोरगी आहे, हे आपण बोललो होतो का? बोललो असू. हल्ली दुसरं बोलतो तरी काय आपण!

बाई पेट्रोल पंपापाशी उभ्या होत्या. उंच, हसऱ्या, खांद्यावर भली मोठी शाल, उजवा हात शालीत. लांब घागऱ्याची किनार ओली. चिखलबर्फातून आल्या असतील. त्या मागच्या सीटवर पोरीशेजारी बसल्या. स्वालानं त्यांचा पट्टा लावून दिला, तर खळखळून हसल्या.

"बांधून नेतेस? मी काय कापायला काढलेली मेंढी आहे?"

"नियम आहे हो, बाई."

"बांध बांध. यावेळी मीसुद्धा सुटणार नाही म्हणते."

पोरगी घरापासून टाहो फोडत होती. बाईंनी वाकून तिच्या कानात काहीतरी पुटपुटलं. टाहो थांबला. आणि मग आरशात स्वालाला दिसलं, पोरगी हसत होती. आयुष्यात पहिल्यांदा. चार महिने इथे आपण जिवाचं रान करतोय, स्वालाच्या मनात आलं, आणि बाईसाहेब हसल्या त्या गिऱ्हाइकाकडे बघून!

धबधब्यापाशी स्वालानं पाठ असलेलं सगळं सांगितलं, बर्फाचं वय, खडकाचे थर. बाईंनी कंबरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "हा अजून पडतोच आहे का?"

दुपारी कॉफीला थांबल्या. तिकडे बाळं बाहेर थंडीतच निजवतात, बाबागाडी खिडकीखाली लावायची आणि आपण आत. स्वालानंही तसंच केलं आणि दर घोटाला उठून काचेला नाक लावू लागली. बाई आत आल्याच नाहीत. "मला ऊब सोसत नाही गं. मी बसते हिच्यापाशी." बर्फ भुरभुरायला लागला होता. पोरीच्या बाबागाडीच्या छतावर पडून तो विरघळत होता. बाईंच्या गालावर पडला तो मात्र तसाच राहिला. पापण्यांवरही. त्या पापण्या न मिटता पोरीकडे बघत होत्या, आणि पोरगी गाढ झोपली होती. इतकी गाढ, की स्वालाला नेहमीसारखं बोट धरायला धावावंसं वाटलं. धावली. श्वास होता. उबदार, संथ.

"घाबरट आहेस," बाई प्रेमानं म्हणाल्या.

"आहे खरी."

"बरंय. मी नव्हते. म्हणून तर..." स्वालानं क्लैना दिली, ती आवडीनं हातात धरून बसल्या. कमी गोड, जाड शंकरपाळ्यासारखा तो तिकडचा पदार्थ. खाल्ली नाहीच, नुसती हुंगली. "अजून तशीच करतात," म्हणाल्या.

मग लांब पूल आला. खाली हिमनदीचं राखाडी पाणी रेतीवर शंभर वाटांनी पसरलेलं. पुलावर चाकं चढली आणि बाईंनी पाय सीटवर ओढून घेतले. गाडीत एकाएकी वास आला, ओल्या लोकरीचा, गार गाळाचा. स्वालानं हीटर वाढवला.

"पूल बांधलात हे छान केलंत. आम्ही घोड्यावरून जायचो."

"घोड्यांची सहल केली होती का?"

"सहलच म्हण." खालच्या पाण्याकडे बघत, "पलीकडे पोचले नाही, एवढंच."

फेब्रुवारीतला दिवस, चहाच्या वेळेलाच काळोख झाला. काळ्या रेतीवर गाडी थांबवून स्वालानं दिवे बंद केले आणि ती खाली उतरली. समुद्र दिसत नव्हता. नुसता ओढून घेतलेला श्वास ऐकू यायचा, आणि सोडलेला. मग डोंगरामागून हिरवी रेघ उठली. रेघेचा पदर झाला, पदर फडफडला, त्याला जांभळी किनार आली. स्वाला मान वर करून बघत राहिली. किती दिवसांनी!

"आज बघतेस तोंड वर करून," मागून आवाज आला. "तेव्हा पाठ करायचीस."

"हो, गरोदर होते ना, त्यामुळे..." ती थांबली. "तुम्हाला... कसं माहीत?"

"मी आले होते की उन्हाळ्यात. तू म्हणालीस, जागा नाही. हंगाम होता, तुझंही खरंच. म्हणून यावेळी अख्खी गाडीच घेतली."

स्वाला वळली. बाई रेतीवर उभ्या होत्या. शालीतून उजवा हात बाहेर आला होता, त्यावर लाल हातमोजा, आणि मोज्यातून पाणी ठिबकत होतं. टप्... टप्. डाव्या, उघड्या हातावर पोरगी होती. स्वालानं तर तिला गाडीत बांधून ठेवलं होतं.

"पोरगी... द्या माझी..."

"देते गं. तिला घेऊन मी काय करू? मला नुसतं नाव टेकवायला जागा हवी."

"काय... नाव तुमचं?"

"हाल्बेरा."

स्वालाच्या आतली आई बोलून गेली, "शाळेत चिडवतील हो तिला!"

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की पोरगीही हसली. "मलाही चिडवायची पोरं. मग मी बडवायचे." हसू ओसरलं. वरचा हिरवा पदर त्यांच्या अंगावरून सरकला आणि त्यांच्यापलीकडची रेती दिसल्यासारखी झाली. "आमची नावं कुणी ठेवत नाही गं आता. थंडीत उभी आहेत सगळी. जिथे जावं तिथे आपलं स्टेला, स्टेला..."

ते नाव स्वालानं उशीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मग... आहे का जागा?"

समुद्रानं श्वास ओढून घेतला.

"आहे," स्वाला म्हणाली. "या. आत या."

पोरगी तिच्या हातांत कधी आली ते कळलं नाही. गरम, आणि जड. सकाळपेक्षा चांगलीच जड. रेतीवर कुणी नव्हतं. गाडीत मागच्या सीटवर पट्टा तसाच बांधलेला होता, आणि त्याखालची गादी ओलीचिंब.

रविवारी पाद्रीबाबांनी विचारलं, "या मुलीचं नाव काय ठेवायचं?" बेर्गुर कौतुकानं बायकोकडे बघत होता.

"हाल्बेरा," स्वाला खणखणीत म्हणाली.

बेर्गुर आ वासून बघत राहिला. "हे पोरीचं नाव आहे की बोटीचं?" तो कुजबुजला. गुन्वोर कंबरेला हात लावून मागच्या बाकावर बसली होती. केक वाढताना ती सुनेच्या कानाशी आली. "आली होती ना कुणीतरी? खोटारडी कुठली!" आणि तिच्या ताटलीत मोठा तुकडा घातला.

पुढच्या खेपेला नर्सनं काट्याकडे बघितलं, काटा ठोकून बघितला आणि म्हणाली, "अगं, काय खायला घालतेस हिला?"

सगळं छान झालं. हाल्बेरा झोपते, हसते, आणि पाळणाघरात इतर पोरांना बडवते. फक्त, पानगळीच्या सुमाराला स्वालाला पुन्हा स्वप्न पडलं. दारावर थाप. दारात एक म्हातारा, बुटांत पाणी पचपचतंय. "आत जागा आहे का, बाई?" एकदा ठेच लागलेली स्वाला, ती कशाला नाही म्हणते! "या, या, आत या," म्हणाली.

म्हाताऱ्यानं टोपी काढली, मागे वळला आणि काळोखाला ओरडून सांगितलं, "आहे म्हणते!"

तेव्हा तिला दिसलं. तिच्या दारापासून थेट नदीपर्यंत रांग लागली होती.

सकाळी ती बाजारात जाऊन दारासाठी मोठं, जाड पायपुसणं घेऊन आली. चांगलं टिकाऊ निघालं ते. फक्त रोज सकाळी पिळावं लागतं.