सखुबाईच्या माथी

"माझी आई चोर नाही," हर्षालीने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

भारतराव मनातल्या मनात हसले. पोलीस खात्यात हयात घालवलेल्या माणसाने हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचं काही वाटेनासं होतं. दीपमाला उजागरेंनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. खाजगी तपासाचं काम सुरू करण्याआधी त्या पाळक घडवणाऱ्या एका विद्यालयात नवा करार शिकवत असत. तोंड फटकळ, म्हणून नोकरी गेली. त्यांचे मदतनीस भारतराव निवृत्त हवालदार, निफाडकडचे. बायबलमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे.

हर्षालीची आई सखुबाई नाशिकमधल्याच एका धर्मशिक्षण विद्यालयात चॅपलची झाडलोट करायची आणि मागच्या खोलीत राहायची. चॅपलचा प्रभुभोजनाचा जुना चांदीचा प्याला नाहीसा झाला होता. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी संध्याकाळी सगळे त्यातून प्याले, आणि ईस्टरच्या रविवारी सकाळी कपाट रिकामं. गुड फ्रायडेला सखुबाईला काहीतरी नेताना पाहिलं, असं दोघांनी सांगितलं. चर्चच्या मंडळीची अब्रू जाऊ नये म्हणून पोलिसांना कळवलं नव्हतं. त्याऐवजी येत्या रविवारी भर उपासनेत तिचं नाव वाचून तिला प्रभुभोजनातून काढणार होते. खोलीही जाणार होती.

"खोलीचं बघता येईल हो," हर्षाली म्हणाली. "पण नाव वाचलं तर आई जगायची नाही."

दीपमालाबाई आणि भारतराव त्याच दुपारी विद्यालयात गेले. प्राचार्य संतोष साळवे मृदू बोलणारे, देखणे गृहस्थ. दिवाळीनंतर मुंबईहून आलेले, हा त्यांचा इथला पहिलाच ईस्टर. इथल्या जुन्या चालीरीती अजून अंगवळणी पडायच्या आहेत, असं त्यांनीच हसून सांगितलं.

"शुक्रवारी उपासनेची घंटा झाली," ते म्हणाले. "मी आणि सोमनाथ सर चॅपलकडे निघालो, तर सखुबाई मागच्या दाराने बाहेर पडत होत्या. पदराखाली काहीतरी होतं."

सोमनाथ भालेराव जुना करार शिकवायचे. त्यांचे केसही इथेच पिकले होते. वर्गातल्या फळ्यावर दोन बोकडांचं चित्र होतं. त्यांनी खडू हातातच ठेवून सांगितलं, "शुक्रवारी उपासनेची घंटा झाली. आम्ही चॅपलकडे निघालो, तर सखुबाई मागच्या दाराने बाहेर पडत होत्या. पदराखाली काहीतरी होतं."

भारतराव खूश झाले. असे साक्षीदार मिळायला नशीब लागतं, असं ते जिना उतरताना म्हणालेसुद्धा. दीपमालाबाईंनी नुसतं हं केलं.

सखुबाईचं म्हणणं कोणी विचारलंच नव्हतं. ती खोलीच्या उंबऱ्यात बसून होती. "गुरुवारी प्याला धुवायला आलाच नाय," ती म्हणाली. "मोठे सायेब म्हणले, ऱ्हाऊ द्या, मीच ठेवतो. अन् शुक्रवारी मी पुढं बसले व्हते. मागच्या दारानं गेलेच नाय." भारतरावांना ते खरं वाटलं नाही. आरोपी असंच बोलतो.

चॅपल दाखवायला संजना आली. ही शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. शुक्रवारी पाहुणे पाळक बोलले, प्राचार्य सर मागे कुठेतरी असतील, आपण पाहिलं नाही, असं ती म्हणाली. ईस्टरच्या पहाटे गुरुवारपासून बांधून ठेवलेला दोर सोडून तिनेच घंटा वाजवली, आणि मग कपाट उघडलं तर प्याला नाही. नशिबाने सरांनी शनिवारीच काचेचे छोटे पेले आणून ठेवले होते, नाहीतर ईस्टरचं प्रभुभोजन राहिलंच असतं.

कपाटाच्या खोलीला काळ्या दगडाची पायरी होती. तिच्या कडेवर एक चकचकीत ओरखडा होता आणि खाली द्राक्षरसाचा वाळका डाग. कपाट सरकवलं असेल, भारतराव म्हणाले.

बाईंनी प्याल्याचा फोटो त्यांच्या मोबाईलवर पाठवला आणि त्यांना सराफ बाजारात पिटाळलं. "विकायला कोणी आणला का, असं विचारू नका. दुरुस्तीला कोणी टाकला का, ते विचारा."

शनिवारी विद्यालयाच्या ग्रंथालयात मंडळीची कमिटी जमली. सखुबाईला कोणी बस म्हटलं नाही, ती हर्षालीसोबत दाराशी उभी राहिली.

"पहिली तीन शुभवर्तमानं इतकी सारखी का, हे अभ्यासक कसं शोधतात ते तुम्हाला ठाऊक आहे," दीपमालाबाईंनी सुरुवात केली. "भारतरावांसाठी सांगते, शुभवर्तमानं म्हणजे येशूची चरित्रं. दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं आलं, तर दोघांनी अभ्यास केला असेल. चूक सारखी आली, तर एकाने दुसऱ्याचं पाहिलं. या दोन साक्षी शब्दाला शब्द सारख्या आहेत, आणि दोन्हींत एकच चूक आहे. शुक्रवारी घंटा झालीच नाही."

मागे बसलेल्या संजनाने मान वर केली.

"शोकाचे दिवस म्हणून इथे गुरुवारी रात्री घंटेचा दोर बांधतात आणि ईस्टरला सोडतात. सोमनाथ सर, तुम्ही इथेच म्हातारे झालात. ही चूक तुमची नव्हे. ती अशा माणसाची, जो इथे नवा आहे आणि शुक्रवारी त्या वेळी इथे नव्हता. तुम्ही फक्त नक्कल केलीत."

सोमनाथ सरांनी चष्मा काढला. "सर इतकं खात्रीने सांगत होते," ते पुटपुटले, "मला वाटलं, मीही पाहिलं असेल."

"आता पेले. प्याला गेल्याचं रविवारी कळलं. मग शनिवारी पेले कोणी आणि का आणले? ज्याला रविवारी प्याला मिळणार नाही हे माहीत होतं, त्याने. गुरुवारी सखुबाईंना धुवायला न देता तो कोणी ठेवून घेतला, हे त्यांनी सांगितलंच होतं. पायरीवर चांदी घासल्याची खूण आहे, रस सांडल्याची आहे. चोर माल आपटत नाही, साळवे सर. तुमच्या हातून तो पडला."

भारतरावांनी पिशवीतून प्याला काढून टेबलावर ठेवला. दांडा नव्याने जोडलेला होता. शुक्रवारी ऐन उपासनेच्या वेळी हा प्याला कोणी आणून दिला ते सराफाने वर्णनासकट सांगितलं होतं.

साळवे सरांना रडू फुटलं. पहिल्याच ईस्टरला पिढ्यानपिढ्यांचा प्याला मोडला हे सांगायची लाज वाटली, असं ते म्हणाले. रविवारपर्यंत दुरुस्ती झाली नाही, सगळे विचारू लागले, आणि तोंडातून सखुबाईचं नाव निघून गेलं. मागे घेणं मग रोज अवघड होत गेलं.

"सोमनाथ सर, तुमच्या फळ्यावरचे बोकड," दीपमालाबाई म्हणाल्या. "एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात हाकलतात. ते तुम्ही शिकवता, आणि केलंतही."

मग कमिटीचे अध्यक्ष उठले आणि त्यांनी साळवे सरांना मिठी मारली. आपण सगळेच पापी, पश्चात्तापाला कृपा असतेच, असं म्हणून त्यांनी प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. कोणीतरी प्राचार्यांना पाणी दिलं. भारतरावांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गुन्ह्याचा निकाल इतक्या लवकर लागलेला दिसला, आणि त्यांच्या तोंडाची चवच गेली.

अध्यक्षांना जाता जाता आठवण झाली. "सखुबाई, आता खोली सोडायची गरज नाही हं."

सखुबाईने पदर सारखा केला. "सायबांनी केलं, त्याची क्षमा झाली," ती म्हणाली. "मी जे केलंच नाय, त्याची कवा व्हायची?"

उत्तराची वाट न पाहता ती हर्षालीचा हात धरून खाली उतरली. खोलीतलं सामान आधीच बांधून ठेवलेलं होतं.